कुकडीच्या काठी भूकंपाची तारीख

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकजवळ कुकडीने आपला काठ खोल कापून काढला आहे. पिवळट गाळाच्या त्या उभ्या काठात मध्येच एक पांढुरका पट्टा दिसतो. खरवडला तर बारीक भुकटी हाताला लागते. ही ज्वालामुखीची राख. जुन्नरच्या डोंगरांचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली, तेव्हा ही राख इथली असणे शक्य नाही. आज बहुतेक अभ्यासक तिचा उगम इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीत मानतात. वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून ती दख्खनवर पडली, पावसाने धुपून नदीत आली आणि गाळाखाली दबली.

डेक्कन कॉलेजच्या रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या राखेवर काम सुरू केले. तिच्या सोबतीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. राखेचे वय कळले की दख्खनमधल्या माणसाचे वय कळणार, म्हणून सगळे तिच्या मागे लागले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिले उत्तर आले ते सुमारे १४ लाख वर्षांचे. १९९५मध्ये दुसरे आले, ६ लाख ७० हजारांचे. राखेतल्या काचकणांचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्यांनी तिसरेच सांगितले: ही टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची राख, वय सुमारे ७५ हजार वर्षे. १९९८मध्ये जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी तर भारतीय द्वीपकल्पात सापडणारी सगळीच टोबा राख या एका स्फोटातली आहे असा निर्वाळा दिला. बोरीपुरता तो सगळ्यांना पटला नाही. राख एकच, पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वयात जवळपास एकोणीस पट अंतर.

हा वाद पुरातत्त्वाचा म्हणून ओळखला जातो. भूकंपाचा धोका मोजणाऱ्यालाही मात्र तो परका नाही. समजा, एखादा भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकाची सरकणारी भेग, अशा राखेच्या थरातून गेला आहे आणि त्याने तो थर मीटरभर वरखाली केला आहे. राख ७५ हजार वर्षांची असेल तर भ्रंशाचा वेग एक निघतो. १४ लाखांची असेल तर एकोणीस पट मंद. थर अखंड असेल तरी प्रश्न तोच: इथली जमीन किती काळ शांत आहे? धरण बांधणारा, इमारतीचे नियम लिहिणारा, विमा उतरवणारा, सगळ्यांचे आकडे शेवटी अशा एखाद्या थराच्या तारखेवर येऊन टेकतात.

या हिशेबाची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६च्या भूकंपानंतर झाली. हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१०मध्ये मांडले की भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचा खडक वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहतो, ताण साठतो, आणि सहन होईनासा झाला की भेग सरकते. खडक पुन्हा मोकळा होतो, ताण पुन्हा साठू लागतो. हे खरे असेल तर दोनच गोष्टी कळायला हव्यात: आधीचे भूकंप किती अंतराने झाले, आणि शेवटच्या भूकंपाला किती दिवस लोटले. यंत्रांच्या नोंदी जेमतेम शंभर वर्षांच्या. त्यामागचे वाचायचे तर जमीनच खणावी लागते. कॅलिफोर्नियात केरी सीह यांनी १९७०च्या दशकात पॅलेट क्रीक इथे सॅन अँड्रियस भ्रंशावर चर खणला. दलदलीतल्या वनस्पतींचे काळे थर आणि नदीची वाळू तिथे एकाआड एक बसली होती, आणि जागोजाग ते थर तुटलेले होते. तुटलेल्या थराच्या वर न तुटलेला थर असेल तर भूकंप त्या दोहोंच्या मधल्या काळातला. काळ्या थरांची कार्बन पद्धतीने तारीख लावता आली. पुढे जास्त नेमक्या तारखा मिळाल्या तेव्हा सरासरी अंतर सुमारे १३२ वर्षांचे निघाले, पण भूकंप सरासरीप्रमाणे झालेलेच नव्हते. दोन-तीन भूकंप लागोपाठ, मग दोन-तीनशे वर्षांची सामसूम, असा त्यांचा क्रम होता.

त्याच भ्रंशावर पार्कफील्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली जवळपास सारख्या आकाराचे भूकंप झाले. सरासरी बावीस वर्षे. पुढचा १९९३च्या आत येणार असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले, गावाभोवती उपकरणांचे जाळे विणले आणि वाट पाहत बसले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. सहा तारखा पक्क्या ठाऊक असलेल्या, जगात सर्वांत बारकाईने पाहिल्या गेलेल्या भ्रंशाची ही गत. आपल्याकडे तर बहुतेक ठिकाणी एकही तारीख हाताशी नाही.

दख्खनच्या बाबतीत एके काळी तारखेची गरजच कुणाला वाटत नव्हती. हिमालय हलतो, दख्खन स्थिर आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य नकाशांतही उतरले होते. भारतीय मानक संस्थेचा पहिला भूकंपक्षेत्र नकाशा १९६२चा. त्यात कोयनेचा परिसर जवळपास निर्धोक धरला होता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसे गेली आणि १९७०चा नकाशा बदलून काढावा लागला. लातूर जिल्हा मात्र त्या बदललेल्या नकाशातही सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला काही मिनिटे असताना किल्लारी हादरले. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. सरकारी आकड्यानुसार सात हजार नऊशेहून अधिक माणसे त्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. पुढे २००२च्या नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले. देशात निर्धोक अशी जागा कागदावरही उरली नाही.

दोन्ही वेळी आधी भूकंप झाला आणि नकाशा मागाहून धावत आला. ही चूक आकडेमोडीची नव्हती. माणसांच्या आठवणीत आणि कागदपत्रांत भूकंप नाही, म्हणजे तिथे भूकंप होत नाही, हे गृहीतक चुकीचे होते. किल्लारीच्या लोकांना तर १९९२पासूनच हादरे जाणवत होते. ऑक्टोबर १९९२मध्ये त्यांतला एक घरांना तडे पाडण्याइतका जोराचा होता.

किल्लारीच्या शेतांत जमीन फुटून वर आली होती. तिथे चर खणले गेले, पुढे विहिरीही पाडल्या गेल्या, आणि त्या तुटलेल्या जमिनीवरून भूवैज्ञानिकांत जो वाद झाला तो महाराष्ट्राच्या भूकंप-इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. कोलंबिया विद्यापीठाच्या लिओनार्डो सीबर आणि सहकाऱ्यांचे म्हणणे होते की बेसॉल्टमधली ही भेग नवी असावी. तिथे आधी फारसा मागमूस नव्हता. तिरुवनंतपुरमचे सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि सहकारी उलट सांगत होते: भ्रंश जुना आहे, पुरातन खडकातला आहे, आणि तो पुन्हा जागा झाला. दोन्ही लेख १९९६चे. वाद वरवर तांत्रिक वाटतो, पण धोक्याचे सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. भ्रंश जुना असेल तर त्याच्या मागच्या हालचालींच्या तारखा शोधता येतात आणि पुढचा अंदाज बांधता येतो. तो नवा असेल तर मागच्या तारखा नाहीतच. मग पुढचा किल्लारी दख्खनवर कुठेही होऊ शकतो आणि खणावे कुठे हेच कळणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकला १९८८मध्ये एका दिवसात तीन मोठे भूकंप झाले. तिथल्या चरांतही आधीच्या भूकंपाची खूण हजारो वर्षे मागे जाऊनसुद्धा हाती लागली नाही. जुन्या, थंड, मंद भूखंडांवर हा पेच वारंवार येतो.

राजेंद्रन तेवढ्यावर थांबले नाहीत. किल्लारीच्या वायव्येला, त्याच तेरणा नदीच्या काठावर तेर हे गाव आहे. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथातले तगर ते हेच. सातवाहनकाळातली मोठी बाजारपेठ, विटांच्या चैत्यगृहासाठी अजूनही प्रसिद्ध. तेरच्या नदीकाठच्या गाळात राजेंद्रन यांना थर वाकलेले, मुडपलेले, सरकलेले आढळले. अशी मोडतोड भूकंपाच्या हादऱ्याने होते. त्या थरांत माणसांच्या वस्तीचे अवशेष मिसळलेले असल्याने काळ ठरवायला आधार मिळाला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तेरजवळ मोठा भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी १९९७मध्ये मांडला. ज्या भूकंपाची एका ओळीचीही नोंद कुठल्या ताम्रपटात वा पोथीत नव्हती तो नदीच्या काठात सापडला. तेर हे गाव होते, तिथे विटा होत्या, खापरे होती, म्हणून तारीख लागली. ओसाड माळावर तोच भूकंप झाला असता तर वाकलेला गाळ दिसला असता, पण साल सांगायला कुणी नसते.

इथून जुन्नरला परतणे सोपे आहे, कारण वाटच तशी आहे. तेर, पैठण, जुन्नर, नाणेघाट आणि पुढे कल्याण-सोपारा ही सातवाहनांची व्यापारी वाट. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आणि राणी नागनिकेचा शिलालेख त्याच वाटेवरचे. तेरच्या तोडीचे जुने शहर जुन्नरही होते. डेक्कन कॉलेजने तिथल्या प्राचीन वस्तीत उत्खनन केले आहे. शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत: लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या पोढीचा, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा, आणि मंडपाचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ कोरलेले आहे. ते शकाचे मानले तर इसवी सन १२४. इतकी जुनी आणि इतकी नेमकी तारीख दगडावर असलेला डोंगर भूकंपाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळतो.

मग लेण्यांवरून काय वाचता येईल? अनेक लेण्यांचे दर्शनी भाग कोसळलेले आहेत, ओसऱ्या ढासळल्या आहेत, छताला तडे आहेत. उत्साही माणूस लगेच भूकंप म्हणेल. सावध माणसाने तसे म्हणू नये. बेसॉल्टला मुळातच उभ्या फटी असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी मुरते, झाडांची मुळे शिरतात, आणि कड्याच्या तोंडाशी कोरलेली ओसरी आपोआप सुटते. भूकंपाचा आरोप ठेवायचा तर पुरावा वेगळा लागतो: वेगवेगळ्या डोंगरांतली पडझड एकाच काळातली आहे, शहरातल्या भिंती एकाच दिशेला कलल्या आहेत, आणि त्या ढिगाऱ्याखाली नाणी वा खापरे अशी आहेत की ती त्या पडझडीची वेळ सांगतील.

उलटा पुरावाही असतो, आणि जुन्नरसाठी तो अधिक उपयोगी ठरू शकेल. लेण्याद्रीच्या ज्या लेण्यात गिरिजात्मज बसला आहे, त्याच्या प्रशस्त मंडपाला आधाराला एकही खांब नाही. जवळपास दोन हजार वर्षे ते छत टिकून आहे. याचा अर्थ या काळात तिथे ते पाडण्याइतका हादरा बसलेला नाही. एवढे म्हणता येते, पण त्याहून जास्त नाही. डोंगराच्या पोटातली पोकळी जमिनीवरच्या घरापेक्षा कमी हलते. ज्या हादऱ्यात जुन्नर शहरातला वाडा जमीनदोस्त होईल, त्याच हादऱ्यात लेण्याद्रीतल्या भाविकाला कदाचित नुसती धूळ पडलेली दिसेल.

कॅलिफोर्निया आणि नेव्हाडात जेम्स ब्रून यांनी १९९०च्या दशकात हाच उलटा विचार पुढे नेला. एकावर एक तोलून राहिलेले मोठे दगड शोधायचे, ते कितपत धक्क्याने कोसळतील हे काढायचे आणि ते तसे किती हजार वर्षे उभे आहेत हे तपासायचे. अणुभट्टीसाठी वा धरणासाठी कागदावर काढलेला धक्का त्या दगडाला पाडेल असा येत असेल आणि दगड उभाच असेल, तर कागद तपासावा लागतो. जुन्नरला जीवधनच्या शेजारी वानरलिंगी उभी आहे. ट्रेकर तिला खडा पारशीही म्हणतात. शेकडो फूट उंचीचा हा बारीक सुळका पाहिला की ब्रून यांचे दगड आठवतात, पण तुलना लगेच करू नये. वानरलिंगी तोललेला दगड नाही. ती खालच्या खडकाशी एकजीव आहे. अशा सुळक्यांना त्यांची स्वतःची थरथर असते. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या लोकांनी कॅसलटन टॉवर नावाच्या वाळूच्या खडकाच्या सुळक्यावर यंत्रे चढवून ती मोजली आहे. बेसॉल्टच्या सुळक्यासाठी तसे मोजमाप झाले, तर गेल्या काही हजार वर्षांत नाणेघाटाच्या परिसराने काय सोसले नाही, एवढे तरी सांगता येईल.

कागदपत्रांचा भरवसा किती धरावा हा प्रश्न वेगळाच. थॉमस ओल्डहॅम यांची भारतीय भूकंपांची सूची १८८३मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या बहुतेक याद्यांची ती आजी. तीत २६ मे १६१८चा मुंबईचा प्रसंग आहे: प्रचंड वादळ, त्यातच भूकंप, दोन हजार माणसे आणि साठ गलबते बुडाली. जुन्नर त्या वेळी निजामशाहीत होते, मलिक अंबरचा काळ. एवढा मोठा भूकंप मुंबईला झाला तर त्याचा धक्का नाणेघाटाच्या वर पोचायलाच हवा. काही याद्यांत या प्रसंगाला ६.९ अशी तीव्रताही चिकटवली गेली. नंतरच्या संशोधकांनी मूळ वृत्तांत पुन्हा वाचले, तेव्हा ते नुसते चक्रीवादळ असावे असे दिसले. चारशे वर्षांच्या कागदी इतिहासातला पश्चिम महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आकडा असा एका वादळातून जन्मलेला असू शकतो. यादीत तो ठेवला तर मुंबई-पुण्याचा धोका फुगतो. काढला तर एकदम खाली येतो. गाळातल्या पुराव्याची किंमत यावरून कळावी.

या भागात भ्रंश डोळ्यांना का दिसत नाहीत, याचेही उत्तर सांगायला हवे. हालणारा भ्रंश बहुधा खाली, शेकडो कोटी वर्षांच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकात असतो, आणि त्याच्यावर लाव्ह्याचे थर गोधडीसारखे अंथरलेले आहेत. किल्लारीला ही गोधडी ३३८ मीटर जाडीची निघाली. कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल चाचणी-छिद्र घेतले तेव्हा ती सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग तर सह्याद्रीच्या धारेलाच लागून आहे. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर, आणि पायथ्यालाही बेसॉल्टच. खालचा खडक दिसण्याची सोयच नाही. उपग्रहाच्या चित्रांत नद्यांच्या सरळ रेषा, डोंगरांच्या खिंडी, डाइकांच्या रांगा दिसतात, आणि त्यांवरून 'रेखीय संरचना' आखल्या जातात. अशी प्रत्येक रेघ भ्रंश नसते, आणि प्रत्येक भ्रंश हालता नसतो. नकाशावर काढलेली रेघ आणि तारीख लावलेली हालचाल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुण्यातल्या भूवैज्ञानिकांनी पश्चिम दख्खनच्या नदीगाळांत जुन्या हालचालींच्या खुणा मांडल्या आहेत, आणि पुढचे काम त्याच वाटेने व्हायला हवे. रेघा पुष्कळ झाल्या.

आता धरणे. कुकडी प्रकल्पात पाच आहेत: कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडेवर आंबेगावातले डिंभे, आणि पिंपळगाव जोगे. धरण आणि भूकंप म्हटले की मराठी माणसाला कोयना आठवते, आणि ते योग्यच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाणी साठल्यानंतर सुरू झालेले तिथले हादरे साठ वर्षे थांबलेले नाहीत, आणि जलाशयाच्या चढउताराशी त्यांचा संबंध दिसतो. सह्याद्रीच्या पलीकडे, शहापूर तालुक्यात भातसा धरण भरताना १९८३मध्ये खर्डीच्या परिसरात हादऱ्यांची मालिका झाली. सप्टेंबरातला सर्वांत मोठा पाचच्या जवळपास होता. कुकडी प्रकल्पाच्या वाट्याला कोयनेसारखी कथा आलेली नाही. पण जलाशयामुळे तारखांच्या हिशेबात एक गुंता येतो. मागच्या भूकंपांचे अंतर मोजून पुढचा अंदाज बांधताना परिस्थिती तीच राहिली असे धरलेले असते. माणसाने खोऱ्यात कोट्यवधी टन पाणी उभे केले की फुटण्याच्या काठावर आलेला भ्रंश वेळेआधी फुटू शकतो. नवा ताण पाणी निर्माण करत नाही. साठलेल्याला ते वाट देते. म्हणजे मुळात ताण किती साठला होता हे कळणे पुन्हा महत्त्वाचे, आणि त्यासाठी पुन्हा जुन्या तारखा.

आंबेगावात जमीन हलली की लोकांना भूकंपाआधी माळीण आठवते. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसे गेली. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. ते पावसाचे काम होते, भूकंपाचे नव्हते. हिमालयात आणि न्यूझीलंडमध्ये जुन्या दरडींच्या तारखा लावून जुने भूकंप शोधतात. एका खोऱ्यात एकाच वेळी शेकडो दरडी कोसळल्या असतील तर कारण भूकंपच असणार, असा तर्क. भीमाशंकरच्या उतारांवर ही युक्ती चालणार नाही. तिथे एका आठवड्याचा पाऊसही तेवढीच पडझड करू शकतो. माळीणचा धडा वेगळा आहे. भिजलेल्या, सुटलेल्या मातीचा तो उतार पावसात एकटा टिकला नाही. कोयनेचा भूकंप डिसेंबरात झाला, किल्लारीचा सपाट मुलखात. सह्याद्रीच्या उतारावर, ऐन श्रावणात मध्यम आकाराचा भूकंप झाला तर काय, हे आपण अजून अनुभवलेले नाही, आणि धोक्याचे नकाशे ते वेगळे दाखवत नाहीत. पुणे जिल्हा २००२च्या नकाशात तिसऱ्या क्षेत्रात येतो. शिरूरचा माळ आणि माळीणचा उतार एकाच रंगात.

जिथे भ्रंश आणि तारीख दोन्ही नाहीत तिथे अभियंते काय करतात? संपूर्ण टापू एक घटक धरतात, त्यात झालेले लहानमोठे हादरे मोजतात, लहानांच्या संख्येवरून मोठ्याची शक्यता काढतात आणि तो मोठा टापूत कुठेही होऊ शकतो असे मानतात. मागचा भूकंप कधी झाला याचा या पद्धतीत काही परिणाम होत नाही. आज आणि शंभर वर्षांनी शक्यता तीच. पाच हजार वर्षांत एकदा, असा वेग निघाला तर शंभर वर्षांच्या धरणाच्या आयुष्यात ती सुमारे दोन टक्के येते. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण किल्लारीचा आकडा २९ सप्टेंबर १९९३ला कुणी काढला असता तर तो यापेक्षाही किरकोळ आला असता.

धरण सुरक्षा कायदा २०२१चा. त्यानुसार तीस मीटर वा त्याहून उंच, किंवा तिसऱ्या अथवा वरच्या भूकंपक्षेत्रातल्या निर्दिष्ट धरणाजवळ भूकंपमापन केंद्र असणे मालकावर बंधनकारक आहे. डिंभे साठ मीटरांहून उंच, म्हणजे दोन्ही अटींत बसणारे. ही यंत्रे बारीक हादरे टिपतील, कुठल्या खोलीवर काय चालले आहे ते सांगतील. पंचवीस-तीस वर्षांत त्यांतून एखाद्या हालत्या भ्रंशाची रेघ उमटलीच, तर चर कुठे खणायचा हेही ठरेल. नदीकाठचे थर वाचण्याचे काम मात्र घाईचे आहे, कारण काठच राहत नाहीत. घोड-कुकडीच्या खोऱ्यात वाळू उपसली जाते, घळया जेसीबीने सपाट करून शेते होतात, आणि हजारो वर्षांचे थर एका उन्हाळ्यात सारखे होतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जमीन हवी आहे. पण सपाटीकरणापूर्वी उभ्या काठाची नोंद आणि नमुने घेणे, हे एखाद्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला झेपणारे काम आहे, आणि त्याला कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही.

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीनुसार, ज्या धरणाच्या फुटण्याने खाली मोठी हानी होईल त्याची तपासणी दहा हजार वर्षांत एकदा येणाऱ्या धक्क्यासाठी व्हावी. देशातली यंत्रांची चांगली नोंद साठ-सत्तर वर्षांची आहे. कागद चारशे वर्षांचे, आणि त्यांतले १६१८ डळमळीत. जुन्नरची लेणी दोन हजार वर्षांची. घोडकाठी शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने खणून काढलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास सुरू होते. डिंभ्याच्या खाली घोड ज्या गाळातून वाहत जाते, त्यातले खालचे थर दहा हजारांच्याही मागे जातात.